धुपाचं शून्य

तातोबामामाची पोती परत चालली होती. वैजू समोरच्या यंत्राच्या काचेत डोळे घालून बसली होती, म्हणजे बाहेर बघायला नको.

"वैजे! ए वैजे!" टेम्पोच्या हौद्यात उभा राहून मामा ओरडत होता. "सोमवारी ह्याच भट्टीचा माल घेतलास की गं. आज काय त्यात उंदीर मेलाय?"

"मी न्हाई घेत, मामा. हुंगणी घेती."

"मग तिला सांग, मी तुझ्या बाईचा मामा हाय म्हणून."

हमाल फिदीफिदी हसले. काचेवर लाल अक्षरं तशीच होती, 'परत पाठवा', आणि खाली आकडा, एकाहत्तर. चाळीसच्या वर गेलं की माल दारातून आत येत नाही. त्यात वैजूला काही करता येत नव्हतं. कोणाला काही करता येऊ नये म्हणूनच तर ते हुंगणीचं यंत्र बसवलं होतं.

"महिन्यातनं चार दिवस असंच करतंय बघ हे," मामा दोरी आवळत म्हणाला. "चार दिवस तोंड फिरवून बसतंय आणि मग पुन्यांदा गोड. बाईमाणसागत अडचण येती काय रे ह्याला?"

हमाल पोट धरून हसले. वैजू जागच्या जागी थिजली.

त्या दिवशी अडचण तिला होती.

*

जयसिंगपूरच्या बाहेर, शिरोळच्या वाटेवर श्रेणिक मगदूमचा 'मूठभर' भडंगाचा कारखाना. चुरमुरे, लसूण, शेंगदाणे, तिखट, तेल. एवढ्यावर त्याच्या बापानं दुमजली घर बांधलं आणि श्रेणिकशेठनं पार दिल्लीपर्यंत पाकिटं पोचवली. चुरमुरे आसपासच्या भट्ट्यांतून यायचे. भट्टी म्हणजे काय, तर मोठी कढई, तिच्यात तापून काळी झालेली वाळू आणि खाली जाळ. वाळूत तांदूळ टाकला की डोळ्याचं पातं लवायच्या आत फुलतो. जाळ लाकडाचा, वखारीतल्या भुशाचा, मिळेल त्याचा.

मग दुकानांतल्या पाकिटांवर किमतीच्या शेजारी दुसरा एक आकडा छापून यायला लागला. झळांक. ही वस्तू तुमच्या हातात येईपर्यंत हवेला आणि पाण्याला किती झळ बसली, त्याचा आकडा. शहरातली मोठी दुकानं जास्त झळांकाचा माल फळीवर ठेवेनात. बँका त्या आकड्याकडे बघून व्याज ठरवायला लागल्या. कारखानदारांनी आधी काय केलं, तर कागद रंगवले. प्रत्येक भट्टीवाल्याकडून लिहून घेतलं, आम्ही लाकूड जाळत नाही. धूर मात्र कोल्हापूरच्या रस्त्यावरून दिसायचा. म्हणून हुंगणी आली.

तिचं खरं नाव लांबलचक होतं, हे हमालांनी ठेवलं. पोत्यात नळी खुपसायची. ती कोमट हवा आत सोडते आणि परत ओढून घेते. ओढलेली हवा नखाएवढ्या चकतीवरून जाते. चकतीवर हजारो बारीक तंतू. किड्यांच्या मिशांवर वास ओळखणारे जे रेणू असतात, ते प्रयोगशाळेत वाढवून त्या तंतूंवर बसवलेले. एका तंतूला एकच वास कळतो. लाकूड घ्या, भुसा घ्या, शेणी घ्या, काडीकचरा कसलाही जळाला की त्याच्या धुरात जळक्या साखरेसारखा एक रेणू राहतो. कोळशाचा वेगळा, रबराचा वेगळा. आणि चुरमुरा आतून नुसती जाळी. ज्या धुरात फुलला तो धूर पोटात घेऊनच पोत्यात जाऊन बसतो. कागदावर काहीही लिहिता येतं, चुरमुऱ्याच्या पोटातलं कसं खोडणार?

लागोपाठ आठवडाभर एखाद्याचा माल परत गेला की हुंगणी त्याचं नाव आपणहून कापते आणि पुढच्याला मागणी पाठवते. कोणाला तोंडावर नाही म्हणायला नको. कोणी कोणाचे पाय धरायला नकोत.

पण वास मोजायचा तर बिनवासाचं काय, ते आधी तिला कळायला हवं. म्हणून सुरू झाल्या झाल्या हुंगणी खोलीतल्या हवेचा एक घोट घेते. त्या वेळी हवेत जे काही असेल ते तिच्या लेखी शून्य. नंतर पोत्यातून जे येईल त्यातून ती हे शून्य वजा करते. बसवायला आलेल्या पुण्याच्या इंजिनियरनं हे सगळं नीट समजावून सांगितलं होतं. मग प्रसादाचं खोबरं खाऊन तो गेला, कारण तेव्हा हुंगणीची पूजा चालली होती.

यंत्र म्हटलं की पूजा आलीच. वजनकाट्याला उदबत्ती, टेम्पोला लिंबू-मिरची, पाकिटं चिकटवणाऱ्या मशीनला हळदकुंकू. मग एवढी महागाची हुंगणीच कोरडी ठेवायची? श्रेणिकशेठच्या आई, मोठ्या बाई, त्या दिवशी स्वतः आल्या होत्या. म्हणाल्या, "जी चालवणार तिच्याच हातचा धूप रोज होऊ दे. दुसऱ्या कोणी मधे हात घालायचा नाही." तेव्हापासून वैजूची सकाळ ठरलेली. धुपाटण्यात शेणीचा निखारा, वर ऊद आणि चिमूटभर राळ. एका हातानं हुंगणीची कळ दाबायची, दुसऱ्या हातानं तिच्या नळीभोवती धूप ओवाळायचा. हुंगणी तो धूर छाती भरून आत घ्यायची आणि ठरवायची, हे शून्य.

अडचणीच्या चार दिवसांत वैजू धुपाटण्याला शिवायची नाही.

नववीत गणिताच्या बाईंशी कडाक्याचं भांडण करून वैजूनं शाळेला रामराम ठोकला होता. पण वजाबाकीला शाळा लागत नाही. शेणीचा धूर शून्यात गेला की लाकडाचा धूर त्याच्याबरोबर वजा. धूप असला की मामाचा माल स्वच्छ. धूप नसला की एकाहत्तर.

तिनं कोणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी अडचण होतीच, तरी तिनं धुपाटणं पेटवलं. आभाळ काही कोसळलं नाही. मामाचा टेम्पो आला. नळी लावली. एकोणीस. 'घ्या.'

"गेली काय अडचण?" मामानं विचारलं.

"गेली," वैजू म्हणाली.

*

आई गेली तेव्हा वैजूला चालताही येत नव्हतं. मामानं तिला खांद्यावर टाकून आणलं आणि सुंदरामामीच्या मांडीवर ठेवलं. मामीची मांडी म्हणजे भट्टीचं तोंड. एका हातानं जाळ सारायचा, दुसऱ्यानं पोर थोपटायचं. स्वतःचं मूल मामीला झालं नाही. वैजूच्या लहानपणाला आवाज होता तो वाळूत फुटणाऱ्या तांदळाचा, तडतड तडतड, पावसासारखा. त्याच भट्टीवर तिचे कपडे आले, वह्या आल्या, कान टोचले ते सोनंही आलं. तेव्हा मामाच्या भट्टीसाठी चार दिवस देवाच्या नजरेतून उतरावं लागलं तर लागलं, असा तिचा हिशेब होता.

असे काही महिने गेले. रोज धूप, रोज 'घ्या'. श्रेणिकशेठला मुंबईत बक्षीस मिळालं, हिरव्या खरेदीचं. बक्षीस म्हणजे काचेसारखं दिसणारं प्लॅस्टिकचं पान. त्यानं ते टेबलावर ठेवलं.

एका दुपारी लाईट गेली. आली तेव्हा हुंगणी पुन्हा सुरू झाली आणि तिनं नवा घोट घेतला. धूप सकाळीच विझून गेलेला, दारं उघडी, वारं वाहतं. तेवढ्यात सुंदरामामी डबा घेऊन आली. भाकरी आणि वांग्याचं कालवण.

"जेवली न्हाईस नव्हं? तोंड बघ कसं झालंय, वाळल्या मिरचीगत."

"बस गं जरा. किती धापा टाकतीस."

"धाप व्हय? ती माझ्याबरोबर नांदायलाच आलीया." मामी हुंगणीशेजारच्या स्टुलावर टेकली आणि खोकायला लागली. खोकला थांबेना. तोल जाऊ नये म्हणून तिनं समोर दिसलं ते धरलं, ती नळी होती. पदर नळीच्या तोंडावर, त्याच्यावर मामीचं तोंड.

हुंगणीनं ओढायचं ते ओढलं.

तीनशे बारा. 'परत पाठवा.'

वैजूनं एवढा आकडा कधी पाहिला नव्हता. काच तिच्या बाजूला होती. मामीला नुसता लाल उजेड दिसला.

"काय म्हणतंय गं ते?"

"काय न्हाई. लाईट गेली की असंच करतंय."

"माझ्यागत हाय म्हणायचं." मामी हसली, हसता हसता पुन्हा खोकली.

वैजूनं तिच्यासमोर बसून भाकरी खाल्ली. कालवणाला चव होती की नव्हती, तिला आठवत नाही.

*

तिनं आधी मामाला सांगितलं. सगळंच सांगितलं, धूप, शून्य, वजाबाकी. भट्टी बंद करा म्हणाली. भट्टीवाल्यांना विजेची भाजणी, म्हणजे जाळाशिवाय चुरमुरे फुलवणारं यंत्र, घ्यायला कारखान्याकडून अर्धी मदत मिळत होती, ती घ्या म्हणाली.

मामानं ऐकलं आणि मांडीवर थाप मारून हसला. "म्हंजे माझी वैजी रोज देवाला धूप दाखवती आणि देव माझी पोती घेतोय! आणि तू म्हणतीस बंद करा?"

"मामीची छाती बघा की."

"तिला तंबाकूची मिसरी सोड म्हणावं. आणि विजेची भाजणी मी बघितलीया. त्यात चुरमुरा फुगतोय, हसत न्हाई. माझ्या बाच्या भट्टीत चुरमुरा हसतोय."

"चुरमुरा हसतोय आणि माणूस मरतंय!"

"आवाज खाली," मामा म्हणाला. आता तो हसत नव्हता. "हितं उभं राहून मी तुला वाढवली. भट्टी बंद केली तर मी कोण? कोणाच्या टेम्पोवर ड्रायव्हर?"

वैजूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती चप्पल पायात अडकवून निघाली ते थेट श्रेणिकशेठच्या केबिनमध्ये.

श्रेणिकशेठ वाईट माणूस नव्हता. बायकांचे पगार त्यानं कधी थकवले नाहीत. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग उठून दार लावलं.

"किती दिवसांपासून?"

"बसवल्यापासनं."

"म्हणजे सगळ्याच भट्ट्या?"

"सगळ्याच."

तो प्लॅस्टिकचं पान टेबलावर फिरवत बसला. प्रमाणपत्र, दुकानांचे करार, बँक. वैजूला त्याच्या तोंडावर एकेक गोष्ट येऊन जाताना दिसत होती.

"मग धूप बंद करू?" तिनं विचारलं.

"मी तसं कुठं म्हणालो?"

"चालू ठेवू?"

"तसंही मी म्हणत नाही. हे बघ वैजू. मी सांगून तू केलंस तर ती फसवणूक होते. तुझ्या मनानं केलंस तर श्रद्धा. माणसाच्या श्रद्धेत मालकानं पडू नये."

"आणि आपली पाकिटं? आपला डिझेलचा ट्रक? त्यांना कोण हुंगतंय?"

"हुंगणी आत येणाऱ्याला हुंगते," श्रेणिकशेठ म्हणाला. "बाहेर जाणाऱ्याला नाही." त्यालाही ते बोलल्यावर बरं वाटलं नसावं. त्यानं खिडकीकडे तोंड केलं.

सकाळी मामाच्या टेम्पोतून एक जास्तीचं पोतं उतरलं. त्यात चुरमुरे नव्हते, शेण्या होत्या.

"तुझ्या धुपाला," मामा डोळा मिचकावत म्हणाला. "वर्षभर पुरतील. मामीनं थापल्यात, खास."

वैजूनं एक शेणी उचलली. वाळून खडखडीत झालेली. तिच्यावर मामीची पाचही बोटं उमटलेली होती, करंगळी जरा वाकडी. वैजूच्या लहानपणी वाळूच्या कढईत मामीची करंगळी भाजली होती ती तशीच वाकडी राहिली. ते कसं झालं होतं? वैजू रांगत कढईकडे गेली होती आणि मामीनं मधे हात घातला होता.

तिनं शेणी परत पोत्यात ठेवली.

त्या दिवसाचं शून्य धुपाचंच होतं, ते घेऊन झालं होतं. मामाचा माल आत गेला. पण दुसऱ्या दिवशी वैजू आली, हात धुतले, आणि धुपाटणं कोनाड्यात तसंच राहू दिलं. हमालांच्या मुकादमानं विचारलं, "आज धूप न्हाई?"

"मला अडचण हाय."

मुकादमानं मान वळवली. तो पोती मोजायला गेला.

हुंगणीनं कोरड्या हवेचा घोट घेतला. मामाचा आकडा अडुसष्ट. मागून आलेल्या दोन भट्ट्यांचे त्याच्याही वर. लाल, लाल, लाल. टेम्पो जागच्या जागी वळले.

चार दिवस कोणाला काही वाटलं नाही. पाचव्या दिवशी मुकादमानं कोनाड्यातल्या धुपाटण्याकडे बघितलं. सहाव्या दिवशी श्रेणिकशेठ स्वतः गेटवर आला. इकडं तिकडं बघितलं, घसा खाकरला.

"वैजू, ते... अजून?"

"अजून."

"बरं. म्हणजे... बरं." त्याचे कान लाल झाले. हमालांसमोर याच्या पुढे जायचं तर काय विचारायचं आणि कसं? आणि धूप लाव म्हणून सांगायचं तर का सांगायचं? तो आला तसा माघारी गेला. पॅकिंगच्या बायका दाराआडून बघत होत्या. त्यांतली एक वैजूजवळ येऊन कुजबुजली, "डॉक्टरला दाखवलंस काय गं?"

"दाखवीन."

आठवडा भरला त्या सकाळी हुंगणीनं तातोबामामाचं नाव कापलं. काचेवर एक ओळ आली आणि गेली. वैजू बघत होती. तिला वाटलं होतं आपल्याला रडू येईल, किंवा निदान राग तरी. आलं काहीच नाही. दाढ काढताना सुई देतात आणि गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं.

मामा चालत आला, टेम्पो न घेता. ओरडला नाही, हे जास्त वाईट.

"लग्नात नवरीच्या पाठीशी मामा हुबा ऱ्हातो," तो म्हणाला. "तुझ्या पाठीशी आता ही हुंगणीच हुबी कर."

"मामा—"

"घरात तुझी ट्रंक हाय. कोणाला तरी पाठवतो घिऊन."

*

पुढचं सगळं आपोआप झाल्यासारखं झालं. निम्म्या भट्ट्यांची नावं गेली, चुरमुरे कमी पडायला लागले. बाहेरून मागवावेत तर ट्रकच्या धुराचा झळांक वेगळा. शेवटी श्रेणिकशेठनं कारखान्याच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड मारली, छपरावर सौर पाट्या टाकल्या आणि विजेच्या भाजण्या बसवल्या. ज्याची भट्टी बंद त्यानं आपला तांदूळ आणावा, पाळीनं भाजून घ्यावा, कारखाना तिथल्या तिथे घेईल. खर्च सगळा कारखान्याचा. बँकेला त्यानं जुने आकडे चुकले म्हणून कळवलं, कारण 'यंत्राच्या मांडणीतला दोष' असं दिलं. दंड बसला. वर्ष सरताना त्याला पुन्हा बक्षीस मिळालं, ह्या शेडसाठी. ह्या वेळचं पान लाकडाचं होतं.

धुपाचं त्यानं वैजूला पुन्हा कधी विचारलं नाही. मोठ्या बाईंना कोणीतरी तिच्या न सरणाऱ्या अडचणीबद्दल सांगितलं, त्यांनी वैजूसाठी नवस बोलला म्हणे.

मामानं तांदूळ आणला नाही. तो दिवसभर थंड भट्टीसमोर बसायचा, असं लोक सांगायचे. मग एका वीटवाल्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर झाला.

वैजूनं कारखान्याच्या मागच्या गल्लीत खोली घेतली. ट्रंक आली होती, पण उघडली नव्हती. थंडी पडली तेव्हा तिनं गोधडी काढली, मामीनं शिवलेली. अंगावर घेतली आणि ताडकन उठून बसली. खोलीत काहीतरी जळतंय. तिनं शेगडी बघितली, बटणं बघितली, दार उघडून गल्लीत बघितलं. मग गोधडी नाकाला लावली. वास गोधडीचाच होता. जन्मभर ती ह्या वासात झोपली होती आणि तो तिला आज पहिल्यांदा आला. धुवावी असं तिला वाटलं. पण धुतली नाही. घडी घालून परत ठेवली आणि शाल घेऊन पडली.

संक्रांतीच्या आसपास मामी आली. डोक्यावर तांदळाचं गाठोडं.

"ह्यास्नी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "शेजारणीचा म्हणून आणलाय."

वैजूनं तिला शेडमध्ये नेलं. मामी भाजणीसमोर उभी राहिली, धूर नाही, जाळ नाही, नुसती घरघर आणि काचेमागं फुलणारे चुरमुरे. मामीचा हात सवयीनं जाळ सारायला पुढे गेला आणि हवेतच थांबला. मग तिनं एक चुरमुरा तोंडात टाकला.

"कसा हाय?"

"हसत न्हाई," मामी म्हणाली. थोडा वेळ चावत राहिली. "पण चालंल."

गेटवर तिचं पोतं हुंगणीसमोर आलं. सहा. 'घ्या.' मामी स्टुलावर टेकली. धाप लागलीच होती, पण पहिल्यासारखी नाही, असं वैजूला वाटलं. वाटतंय की खरंच, ते कसं कळणार? नळी वैजूच्या हातातच होती. तिनं ती हळूच मामीच्या पदराजवळ नेली.

मामीला कळलं. तिनं मान पुढे केली आणि नळीत श्वास सोडला, निजताना दिवा मालवतात तसा, अलगद.

एकशे नव्वद. 'परत पाठवा.'

"काय म्हणतंय?" मामीनं विचारलं. "मागल्या खेपंला तू काय सांगितलं न्हाईस."

"घ्या म्हणतंय."

"बघ." मामी पदरानं तोंड पुसत उठली. "जाऊन सांगते ह्यास्नी. तुमची पोती न्हाई घेतली, पर मला घेतलं म्हणून."

ती गेटमधून बाहेर पडून रस्त्याला लागेपर्यंत वैजू बघत होती. मग तिनं बोटानं आकडा पुसला आणि पुढच्या पोत्यात नळी खुपसली.